दोर कुणी तपासला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या आजोळी विहिरीला रहाट होता आणि रहाटावर घायपाताचा दोर. दर उन्हाळ्यात, पाणी खोल गेलं की, आईचे वडील, आमचे नाना, तो दोर उतरवून अंगणात पसरत आणि डोळे मिटून दोन बोटांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत. जिथे पीळ सैल झालेला असे तिथे त्यांचा अंगठा आपोआप थांबायचा. डोळ्याला दोर फसवतो, बोटाला फसवत नाही, असं ते म्हणत. नवा दोर गावातल्या मातंग कारागिराकडून यायचा. तो माणूस दोर देताना आधी कडुलिंबाच्या फांदीला बांधायचा, स्वतः त्याला लोंबकळायचा, दोन हिसके द्यायचा आणि मग आपल्या वाट्याचं धान्य मागायचा. वळणाराच स्वतः लटकून दाखवत होता, त्यामुळे आणखी कुणाचं प्रमाणपत्र मागायचं कुणाला सुचत नसे.

हे आठवायचं कारण माझा भाचा. सह्याद्रीतले कडे चढणाऱ्या पोरांमधला तो एक. त्याने नवा रोप विकत आणला. निळा, मऊ, सापासारखा हातातून निसटणारा. आमच्या हिशेबाने त्याची किंमत डोळे पांढरे करणारी होती. मी विचारलं, ‘अरे, एवढ्या पातळ दोरावर तुम्ही जीव टांगता?’ तो म्हणाला, ‘मामू, काळजी नको. हा तपासलेला आहे. हे बघ, लेबल आहे, यूआयएए.’ मी म्हटलं, ‘कुणी तपासला?’ तो हसला. ‘कुणीतरी असेलच की!’

ते ‘कुणीतरी’ माझ्या डोक्यातून जाईना. मी काही गिर्यारोहक नाही. डोंगर मी पायथ्यावरून पाहणारा माणूस. गुडघे आता पायथ्यालाही कुरकुरतात. पण शब्दांच्या मागचा माणूस शोधायची खोड जुनी. त्या लेबलाच्या मागे कोण आहे ते शोधत गेलो आणि निघाल्या समित्या. गिर्यारोहणाच्या संस्थांना फुकट, पदरमोड करून सल्ला देणाऱ्या माणसांच्या समित्या. आपल्याकडे समिती या शब्दाची फार चेष्टा झाली आहे. एखादं काम बुडवायचं असेल तर समिती नेमावी, असं आपण म्हणतो आणि ते पुष्कळदा खरंही असतं. पण एका समितीचं म्हणणं वेळेवर ऐकलं असतं तर काय झालं असतं, आणि दुसऱ्या एका तज्ज्ञाचं म्हणणं उगाच ऐकलं म्हणून काय झालं, या दोन गोष्टी आज तुम्हाला सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट लंडनमधली. १८५७ साली तिथे ‘अल्पाइन क्लब’ स्थापन झाला. जगातला हा पहिला गिर्यारोहण क्लब. वकील, पाद्री, प्राध्यापक, सुट्टीत आल्प्स पर्वतात जाणारे सुखवस्तू लोक. तोपर्यंत दोर म्हणजे बाजारात जो मिळेल तो. १८६४ साली या क्लबने आपल्याच सभासदांची एक खास समिती नेमली. तिने दोर, बर्फ तोडायच्या कुऱ्हाडी आणि लांब काठ्या या तीन वस्तूंची परीक्षा करायची होती. या मंडळींनी निरनिराळ्या दोरांना माणसाच्या वजनाचं ओझं बांधलं आणि काही फुटांवरून खाली सोडून दिलं. बहुतेक दोर फटाफट तुटले. टिकले ते थोडेच. त्यात मनिला हेम्पचा दोर होता. हेम्प म्हणत असले तरी तो धागा फिलिपिन्समधल्या एका झाडाचा. ते झाड आपल्या केळीच्या जातीचं. समितीने गाठींचीही परीक्षा केली आणि सांगितलं की गाठ मारली की दोराची ताकद घटते, म्हणून अमुक गाठी माराव्यात, तमुक मारू नयेत. अहवाल क्लबपुढे वाचला गेला, छापला गेला. पुढे त्या शिफारशीचा दोर ‘अल्पाइन क्लबचा दोर’ म्हणून विकला जाऊ लागला आणि नकली माल ओळखता यावा म्हणून त्यात लाल धागा विणलेला असे.

आता पुढचं वर्ष. १४ जुलै १८६५. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा मॅटरहॉर्न, उंची ४४७८ मीटर. त्यावर तोवर कुणी चढलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी सात माणसं माथ्यावर पोहोचली. पुढारी एडवर्ड व्हिम्पर, वय २५, पेशाने लाकडावर चित्रं कोरणारा. बरोबर मिशेल क्रो हा फ्रेंच वाटाड्या, चार्ल्स हडसन हे पाद्री, डग्लस हॅडो हा १९ वर्षांचा नवखा मुलगा, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, आणि पीटर टाउगवाल्डर नावाचे दोन वाटाडे, बाप आणि लेक. माथ्यावर तासभर आनंद झाला. उतरताना सगळे एका दोरात. हॅडोचा पाय घसरला, तो क्रोवर आदळला, त्या दोघांनी हडसनला ओढलं, हडसनने डग्लसला. वर थोरल्या टाउगवाल्डरने खडकाला मिठी मारली. डग्लस आणि तो यांच्यामधला दोर ताणला गेला आणि हवेतच तुटला. चौघे खालच्या हिमनदीवर गेले. डग्लसचा देह आजतागायत सापडलेला नाही.

त्या मोहिमेकडे तीन प्रकारचे दोर होते. व्हिम्परने स्वतःच ते पुढे लिहून ठेवलं आहे. एक क्लबने पसंत केलेला मनिला दोर, दुसरा त्याहून जाड आणि बहुधा आणखी मजबूत, आणि तिसरा पातळ, जुन्या प्रकारचा. हा तिसरा कशासाठी घेतला होता? तर खडकाला बांधून मागे सोडून द्यावा लागला तर चांगला दोर वाया जाऊ नये म्हणून. दोन माणसांच्या मध्ये तो बांधायचाच नव्हता. पण उतरायच्या गडबडीत थोरल्या टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामध्ये नेमका तोच बांधला गेला. चांगला दोर भरपूर होता. तो वापराविना तसाच पडला होता.

म्हाताऱ्या टाउगवाल्डरवर संशय घेतला गेला. त्याने दोर कापला, किंवा जीव वाचवायला मुद्दाम कमजोर दोर बांधला, अशी कुजबुज झाली. चौकशी झाली, त्यात तो दोषी ठरला नाही. पण कुजबुज कुठे चौकशीला जुमानते? बिचारा त्या डागासकट जगला. दोराचा तो तुकडा त्सेर्माट गावच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेला आहे. छायाचित्रात पाहिला तर आपल्याकडे वाळत घालायच्या दोरीची आठवण होते.

मला यात राहून राहून वाटतं ते हे, की समितीने आपलं काम चोख केलं होतं. वर्षभर आधी. अहवाल छापला होता आणि तो दोर त्या डोंगरावर हजरही होता. समितीला एवढंच करता येतं. ती सल्ला देते. गाठ मारणारा हात तिचा नसतो.

त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं मनिला आणि हेम्पचेच दोर चालले. ते ताणले जात नाहीत, म्हणून उंचावरून पडणाऱ्या माणसाचा झटका झेलत नाहीत. त्यामुळे सगळ्यांत पुढे चढणाऱ्याने पडायचंच नाही, हाच नियम. मग दुसरं महायुद्ध आलं, आणि पॅराशूटबरोबर, ग्लायडर ओढायच्या दोराबरोबर नायलॉन आलं. नायलॉन ताणतं आणि ताणता ताणता झटका पोटात घेतं. गिर्यारोहकांना जणू नवं आयुष्य मिळालं.

याच सुमारास, डिसेंबर १९४४ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल’ उभी राहिली. तिच्यामागचा माणूस जेफ्री विन्थ्रॉप यंग. कवी होता, म्हणून मला जरा जवळचा. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात असताना १९१७ साली त्याचा डावा पाय गेला. कृत्रिम पाय बसवून हा गृहस्थ १९२८ साली मॅटरहॉर्न चढला. तो अल्पाइन क्लबचा अध्यक्ष असताना त्याने ओळखलं की युद्ध संपल्यावर हजारो तरुण डोंगरांकडे वळतील, त्यांना शिकवणारं कुणी नसेल, अपघात होतील. आणि सरकारशी बोलायला साऱ्या क्लबांचा मिळून एक आवाज लागेल. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे क्लब त्याने एकत्र आणले. कौन्सिलचे पहिले मानद सचिव जॉन बारफर्ड. त्यांनी नवख्यांसाठी स्वस्तातलं छोटंसं पुस्तक लिहिलं, १९४६ साली ते पेलिकनच्या मालेत निघालं, आणि पुढच्याच वर्षी आल्प्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्यांना जपायला शिकवणाऱ्याच्या वाट्याला हे यावं, याला काय म्हणायचं!

मानद हा शब्द मी मुद्दाम वापरला. या राष्ट्रीय संस्थेकडे पहिली पंचवीसेक वर्षं पूर्णवेळ पगारी अधिकारीच नव्हता. तो आला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर सगळं काम नोकरीधंदा सांभाळून समित्यांवर बसणाऱ्या माणसांनी केलं, आणि कार्यालय झालं, पगारी माणसं आली, तरी समित्या राहिल्याच. कुठल्या कड्यावर बहिरी ससाण्याचं घरटं आहे, म्हणून वसंतात तो कडा कुठून कुठपर्यंत चढायचा नाही, हे त्या त्या भागातले स्वयंसेवक पक्षीतज्ज्ञांशी आणि जमीनमालकांशी बोलून ठरवतात. मला अर्थातच दोराच्या समितीत जास्त रस. तिला तांत्रिक समिती म्हणतात. तिच्यावर अभियंते आणि धातूशास्त्र जाणणारे असतात, आणि बहुतेक स्वतः चढणारे. तिच्याकडे पार्सलं येतात. त्यात तुटलेला दोर, चिरलेला हुक, गंजलेला खिळा, आणि सोबत पत्र: हे असं असं झालं. कधी पाठवणारा जिवंत असतो, कधी त्याचे मित्र असतात. समिती तो तुटका तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरते. धागे ताणून तुटले, की कापले गेले, की वितळले, की कुठल्या रसायनाने खाल्ले? असे दोर सापडले आहेत की वरून नवेकोरे, आणि आतून आम्लाने सडलेले. मोटारीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेले. आमच्या नानांच्या बोटांनाही ते कळलं नसतं.

या समित्यांचा आणि पगारी कचेरीचा संसार काही सुखाचा नसतो, हेही सांगायला हवं. २०१६ साली याच संस्थेच्या वरिष्ठांनी संस्थेचं नाव बदलून ‘क्लाइम्ब ब्रिटन’ करायचं ठरवलं आणि सभासदांना ते जाहीर झाल्यावर कळलं. एवढा गहजब झाला की काही महिन्यांत नवं नाव मागे घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी कार्यकारिणीवर अविश्वासाचा ठराव आला. तो फेटाळला गेला, पण संस्थेची घडीच नव्याने बसवावी लागली. फुकट काम करणाऱ्या माणसाला न विचारता काही केलं की तो पगारी माणसापेक्षा जास्त दुखावतो. ज्यांनी वाचनालय किंवा गणेशोत्सव मंडळ चालवलं आहे, त्यांना हे मी सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट, जपानमधली. माझ्या मते सगळ्यांत बोलकी.

२ जानेवारी १९५५. जपानच्या उत्तर आल्प्समधलं मायेहोताका शिखर, त्याची पूर्वेकडची भिंत, भर हिवाळा. मिए प्रांतातल्या ‘इवार्योकाई’ नावाच्या एका छोट्या क्लबची तीन पोरं वर चढत होती. त्यांच्याकडे नवाकोरा, ८ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर होता. नायलॉन जपानमध्ये तेव्हा नुकतंच आलेलं, आणि त्याची ख्याती अशी की जाडजूड हेम्पच्या दोराला हा पातळ दोर भारी. गोरो वाकायामा नावाचा विद्यार्थी पुढे होता. त्याचा पाय सटकला. तो फार पडलाही नाही. जेमतेम हातभर. दोर वरच्या खडकाच्या कंगोऱ्यावर टेकलेला होता. तुटला. ना मोठा झटका, ना आवाज. वरचं ओझं नाहीसं झालं एवढंच खालच्यांना जाणवलं.

त्याच डोंगरात, त्याच काही दिवसांत, आणखी दोन तुकड्यांचे नायलॉनचे दोर तुटले होते, त्या वाचल्या.

गोरोचा थोरला भाऊ शिगेओ इशिओका. दत्तक गेल्यामुळे आडनाव वेगळं. तोच त्या क्लबचा पुढारी आणि अभियांत्रिकी शिकलेला. त्याने साधा प्रश्न विचारला. ताणून पाहिला तर हा दोर एवढा मजबूत, मग हातभर पडण्याने कसा तुटला? त्याने स्वतः प्रयोग केले. दोर धारदार कडेवर टेकवून वजन लावलं, आणि जे दिसलं ते भयंकर होतं. सरळ ओढल्यावर हत्तीचं बळ दाखवणारं नायलॉन धारेवर मात्र काकडीसारखं कापलं जात होतं. हेम्प तिथे त्याच्याहून चिवट निघत होतं. म्हणजे नायलॉन वाईट होतं असं नाही, त्याचा दुबळेपणा निराळ्या जागी होता, आणि त्या जागेबद्दल विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं. खडकाळ डोंगरात तर जिकडेतिकडे धारच.

मग आले तज्ज्ञ. ओसाका विद्यापीठातले एक प्राध्यापक, जपानच्या राष्ट्रीय गिर्यारोहण संस्थेतले, ‘जपानीज अल्पाइन क्लब’मधले, वजनदार गृहस्थ. २९ एप्रिल १९५५ ला दोर बनवणाऱ्या कारखान्यातच जाहीर प्रयोग झाला. पत्रकार होते, गिर्यारोहक होते. खडकाच्या कडेवर दोर टाकून वजनं सोडली. नायलॉन तुटेना, हेम्पच्या कितीतरी पट टिकलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून नायलॉन निर्दोष ठरलं. मग दोष कुणाचा? साहजिकच पोरांचा. बुटांच्या खिळ्यांनी दोर तुडवला असेल, गाठ नीट मारली नसेल, जिवंत राहिलेल्यांनी काहीतरी लपवलं असेल. टाउगवाल्डरवर आली होती तीच वेळ, नव्वद वर्षांनी.

प्रयोगात एक गोष्ट प्रेक्षकांना सांगितलेली नव्हती. खडकाच्या कडा किंचित घासून गोल केलेल्या होत्या. साधारण एक मिलिमीटरची गोलाई. लांबून डोळ्याला दिसणारही नाही एवढी. पण दोराला ती कळते. धार गेली की नायलॉन पुन्हा हत्ती होतं.

जुलैच्या अखेरीस बर्फ वितळल्यावर गोरोचा देह सापडला. दोर कमरेला बांधलेलाच होता, गाठ शाबूत होती. तेवढ्या गोष्टीने सोबत्यांवरचा किटाळ पुसला जायला हवा होता. पण १९५६ साली राष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘यामा निक्की’ म्हणजे डोंगर-रोजनिशीत नायलॉनच्या दोराबद्दलचा मजकूर छापला गेला तो त्याच प्राध्यापकांच्या प्रयोगाच्या आधाराने. ही रोजनिशी म्हणजे तिकडच्या गिर्यारोहकांचं पंचांग. त्यात छापलं की विषय संपला. यासुशी इनोउए या मोठ्या लेखकाने याच घटनेवरून कादंबरी लिहिली, १९५६-५७ साली ती ‘आसाही’ दैनिकातून क्रमशः आली, घरोघर वाचली गेली, तिच्यावर चित्रपटही निघाला. लोकांना गोष्ट आवडली. दोर मात्र तसाच विकला जात राहिला, आणि पुढच्या वर्षांत आणखी गिर्यारोहक दोर तुटून गेले.

इशिओका आणि त्याचा तो छोटा क्लब थांबले नाहीत. त्यांनी पुस्तिका काढली, पत्रं लिहिली, प्रयोगांचे आकडे पुन्हा पुन्हा सगळ्यांपुढे ठेवले, खटला करून पाहिला. तो टिकला नाही. ही माणसं राष्ट्रीय संस्थेची अधिकृत सल्लागार नव्हती. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पण खरा सल्ला तेच देत होते आणि पदावरचा सल्लागार चुकीचा देत होता. असा सामना आपण आपल्याही गावात पाहिलेला असतो. फरक एवढाच की आपल्याकडचा माणूस बहुधा पाचव्या वर्षी थकतो. हा माणूस वीस वर्षं थकला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हेकटपणाला वापरतो. इथे ती मला आदराने वापरावीशी वाटते.

१९७३ साली जपानमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा झाला, त्यात गिर्यारोहणाचा दोर आला आणि १९७५ साली त्याची सरकारी मानकं ठरली. त्यात धारेवरच्या परीक्षेलाही जागा होती. आणि १९७७ च्या ‘यामा निक्की’त राष्ट्रीय संस्थेने १९५६ सालच्या मजकुराबद्दल माफी छापली. एकवीस वर्षांनी. इशिओका २००६ साली वारला. त्या माफीचं श्रेय कुणी कुणी संस्थेला देतं. मीही थोडं देतो. छापलेलं चूक होतं असं छापून कबूल करणं किती जड जातं, हे आम्हा लिहिणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. पण वीस वर्षांत जे गेले त्यांच्या घरी ती रोजनिशी कुणी वाचली असेल का, हा विचार मनात येतोच.

आपल्याकडेही अशी मानद माणसं झाली. १९२८ साली दिल्लीत ‘हिमालयन क्लब’ स्थापन झाला. त्याचे दार्जिलिंगचे मानद सचिव शेर्पांची नोंदवही ठेवत. कोण कुठल्या मोहिमेवर गेला, कसा वागला, किती उंच गेला. पुढे मोहिमा त्या वहीवरून माणसं निवडत. क्लबचा कारभार नंतर मुंबईत आला, त्याचं वार्षिक वर्षानुवर्षे मुंबईतून संपादित झालं, सोली मेहता आणि हरीश कापडिया यांच्या हातून, आपापले उद्योग सांभाळून. जगदीश नानावटी हे तर विलक्षण गृहस्थ. एखादी मोहीम म्हणाली की आम्ही शिखर गाठलं, की नानावटी माथ्यावरचे फोटो मागवत, नकाशे पसरत, मागे कुठलं शिखर कुठल्या कोनात दिसायला हवं ते ताडून पाहत आणि सौम्य शब्दांत विचारत, ‘हा फोटो नक्की कुठून काढला?’ किती जणांना त्यांनी नाराज केलं असेल!

पण मी भाच्याच्या लेबलाकडे येतो.

यूआयएए ही जगातल्या गिर्यारोहण संस्थांची संस्था, १९३२ साली फ्रान्समध्ये शामोनी इथे स्थापन झालेली. तिची सुरक्षा समिती आहे. देशोदेशीच्या संस्था आपापले जाणकार तिच्यावर पाठवतात, प्रयोगशाळांचे आणि कारखान्यांचे लोकही चर्चेला बसतात. तिने दोराची जी परीक्षा ठरवली ती १८६४ च्या परीक्षेची नातच म्हणायची. ८० किलोचं वजन दोराला बांधून सोडायचं, एकदा नाही, लागोपाठ. एकेरी वापराच्या दोराने असे किमान पाच झटके सोसले पाहिजेत, आणि पहिल्या झटक्याचा जोर माणसाच्या शरीराला पेलेल अशा मर्यादेत राहिला पाहिजे. दोर झिजो न झिजो, माणसाचा कणा मोडता कामा नये, म्हणून ही दुसरी अट. वजन पडताना दोर एका धातूच्या कडेवरून जातो. आणि त्या कडेची गोलाई किती? ५ मिलिमीटर.

हे वाचलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवलं. जपानमध्ये एक मिलिमीटरच्या गोलाईने एवढं रामायण झालं, आणि इथे पाच?

मग पुढे वाचलं. त्या सुरक्षा समितीलाही हे माहीत होतं. म्हणूनच तिने पुढे धारदार कडेवरची वेगळी परीक्षा तयार केली होती. ती पास झालेल्या दोरांवर तसं लिहिलेलंही असे आणि लोक ते पाहून जास्त पैसे मोजत. पण निरनिराळ्या प्रयोगशाळांत त्याच दोराचे निकाल निरनिराळे येऊ लागले. धार म्हणजे नक्की किती धार, ती प्रत्येक परीक्षेत तशीच कशी ठेवायची, हे जमेना. तेव्हा समितीने ती परीक्षाच मागे घेतली. जे खात्रीने सांगता येत नाही त्याचा शिक्का मारायचा नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. कारखानदारांना ते आवडलं असेल असं वाटत नाही.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल. तो म्हणाला, ‘मामू, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. दोर कडेवर घासू द्यायचा नाही. खाली काहीतरी घालायचंच.’ त्याच्या पिशवीत निळ्या रोपाबरोबर जाड कॅन्व्हासचा एक तुकडा होता, घडी करून ठेवलेला, मध्ये काळा पडलेला. आणि एक वही. वहीत दोर कधी घेतला, कुठल्या कड्यावर वापरला, कुणी किती पडलं, सगळं तारखेनिशी. शेवटच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, ‘बोटांनी तपासला. मध्यापासून सुमारे ४ मीटरवर जरा मऊ. विचारायचं.’

‘कुणाला विचारणार?’ मी म्हटलं.

त्यांच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत म्हणे. कारखान्यात नोकरीला होते, आता निवृत्त. रविवारी सकाळी सगळ्यांचे दोर बघून देतात. चहाचे पैसेसुद्धा घेत नाहीत.